लाख

कुताइसीच्या बांधकाम कचेरीत तेव्हा एक पेटी असायची,
अक्रोडाच्या लाकडाची, वर बोटभर फट,
दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे,
आणि शेजारी शिक्का घेऊन बसलेली नाझिब्रोला.
पाकिटावर लाख मी घरीच ओतायचो, चुलीपाशी.
बायको ओरडायची, रश्श्याला वास लागतो म्हणून.
लाखेच्या टिकलीखाली लाखाचा आकडा:
सिमेंट किती, सळई किती, मजुरी किती,
आणि पार तळाशी, बारीक अक्षरात,
मला काय उरेल ते.
एकतीस वर्षं ओतली लाख.
सात कामं मिळाली.

आता पेटी नाही, पासवर्ड आहे.
मोठं अक्षर हवं, आकडा हवा,
आणि कुठल्याच शब्दात न येणारं एक चिन्ह.
भाचा म्हणाला, मामा, काय ठेवू?
म्हटलं, रिओनी ठेव, आपली नदी, पुढे चारशे,
सिमेंटची ग्रेड. चिन्ह तुला आवडेल ते घाल.
त्यानं उद्गारचिन्ह घातलं.
रोज सकाळी नदीला हाक मारल्यासारखं होतं.

त्सकाल्तुबोच्या वरच्या गावात शाळेची भिंत आणि छप्पर.
मंगळवार, दुपारी तीन.
पडद्यावर आम्ही तिघं, पण नावं नाहीत,
एक, दोन, तीन, कैद्यांसारखे.
किंमत खाली उतरवत न्यायची. तीन फेऱ्या.
पहिलीत मी माझा नफा सोडला.
दुसरीत परांचीचं भाडं निम्मं केलं,
उरलेली उसनी आणू कुठून तरी.
तिसरीत सळईपाशी येऊन अडलो.
दर वीस सेंटीमीटरला एक. पंचवीस केली
तर गिलाव्याच्या आत कोण बघायला जातंय?
मामा, चाळीस सेकंद.
खिडकीबाहेर एक बाई द्राक्षाच्या वेलीला
सुतळी बांधत होती. एक गाठ. मग ओढून बघितली.
मग दुसरी.
मामा!
मी तिचं बांधून होईपर्यंत बघत राहिलो.

हरलो. नऊशे लारींनी.

पण त्या रात्री सगळं उघडं पडलं,
जिंकणाऱ्याचं नाव, दर, कागद, खिळ्यामोळ्यांसकट.
रेवाझ. माझ्याच हाताखाली थापी धरायला शिकला,
आता झेस्ताफोनीत तीन मिक्सर आहेत त्याचे.
चष्मा लावून त्याची सळई शोधली, पान एकोणचाळीस.
वीसच होती, गाढवाची.
मग नऊशे कुठून आणलेस, बाबा?
पान बेचाळीस: परांची स्वतःची. भाडं शून्य.
आपण का हरलो ते
एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं मला.
झोप तशीही आली नाही,
पण यावेळी कुणाला शिव्या द्याव्यात ते सुचेना.

पेटीचंही सांगायचं राहिलं.
तीही त्याच पडद्यावर लिलावात निघाली, भंगार म्हणून.
बोली एकच आली, नाझिब्रोलाची. बारा लारी.
राजमा भरून ठेवते त्यात.
रविवारी गेलो तिच्याकडे, तिनं चहा टाकला.
किटली ओळखीची वाटली, चोच चेपलेली.
ही पण कचेरीतलीच का?
ती म्हणाली, हो. उघडायच्या आदल्या रात्री
हिच्याच वाफेवर धरायचो पाकिटं.
सुरी सपाट ठेवायची, घाई करायची नाही.
साहेब वाचायचे, मी पुन्हा चिकटवायची.
तुझी लाख छान असायची, एल्गुजा.
परत बसवली तरी तडा जायचा नाही.

किटली उकळत होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो,
किटलीकडे बघत होतो.
आता कुणी उघडत नाही ना रे, तिनं विचारलं.
पाचच्या आत नाही, मी म्हटलं.
म्हणजे, असं म्हणतात.
मग साखर मागितली.
तिनं दोन चमचे घातले, मी नको म्हणेपर्यंत तिसरा.